भाचीच्या कपाटावरचं कॉकपिट

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर एक भलंमोठं चित्र चिकटवलेलं आहे. एअरबस ए३२० विमानाचं कॉकपिट. सगळी बटणं, सगळे दिवे, सगळे खटके जिथल्या तिथे. माझी भाची विमान कंपनीत वैमानिक आहे. दर सहा महिन्यांनी ती चार-पाच दिवस त्याच्यासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते. बोट एका बटणापाशी जातं, ओठ काहीतरी पुटपुटतात, मग बोट पुढच्या बटणावर. त्या वेळी कितीही हाका मारा, पोहे गार होऊ द्या, चेकलिस्ट संपल्याशिवाय ती उठत नाही. मधूनच मला समोर बसवते आणि हातात आणीबाणीच्या प्रसंगांच्या नावांचा कागद देते. "मावशी, तू फक्त नाव वाच. कुठलंही, क्रम सोडून." मी म्हणते, "स्टॉल." त्या प्रसंगी काय करायचं त्याच्या चार ओळी ती धडाधड म्हणून दाखवते. एखादा शब्द जरी मागेपुढे झाला तरी मी तिला थांबवायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

शेजारच्या काकूंनी एकदा हे पाहिलं आणि विचारलं, "सात वर्षं झाली ना गं नोकरीला? अजून शिकतेच आहे?" प्रश्न अगदी सरळ मनाने विचारलेला होता, आणि तो बऱ्याच जणांच्या मनात असतो. आता तर नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुटू लागली, आणि ठाण्यापासून पनवेलपर्यंत विमान हा घरगुती गप्पांचा विषय झाला. पायलटला लायसन्स मिळालं की संपलं, असं समजणारे खूप भेटतात. म्हणून हे नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

मी स्वतः एकतीस वर्षं आयसीयूत नर्स होते, त्यामुळे भाचीचं हे खुर्ची टाकून बसणं मला पहिल्या दिवसापासून कळलं. हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबायची असते, ज्याला आम्ही सीपीआर म्हणतो. किमान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एवढंच तर आहे, पाठ करायला पाच मिनिटं लागत नाहीत. पण त्याचं प्रमाणपत्र साधारण दोन वर्षांसाठी असतं आणि हात त्याच्या कितीतरी आधी, काही महिन्यांतच ढिला पडू लागतो. मी एकदा लांब रजेवरून परतले होते. पुतळ्यावर सराव करताना मला वाटत होतं की मी व्यवस्थित दाबतेय. मोजणारं यंत्र सांगत होतं, साडेतीन सेंटीमीटर. मला सगळं आठवत होतं आणि तरीही माझा हात चुकत होता. ते साडेतीन सेंटीमीटर मी आजही विसरलेले नाही.

वैमानिकाचंही नेमकं हेच आहे. रोज जे करावं लागतं ते रोजच्या रोज घासून लख्ख राहतं. गंज चढतो तो कधीच न घडणाऱ्या गोष्टींवर. इंजिन बंद पडणं, धूर येणं, वेगाचे आकडे खोटे दिसायला लागणं. आधुनिक जेट इंजिनं इतकी भरवशाची झाली आहेत की टेकऑफच्या ऐन क्षणी इंजिन गेल्याचा प्रसंग बहुतेक वैमानिकांवर अख्ख्या नोकरीत एकदाही येत नाही. आलाच, तर तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. जी गोष्ट कधी करावी लागत नाही तीच बिनचूक करता आली पाहिजे, असा हा पेच आहे. त्यावर एकच उपाय सापडलाय, ती गोष्ट ठरवून, वारंवार, खोट्या विमानात घडवून आणणं.

यातले नियम थोडक्यात सांगते. नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत, नाहीतर प्रवाशांना घेऊन उडता येत नाही. आणि विमान कंपनीतल्या वैमानिकाला साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. भाची तिला पीपीसी म्हणते, म्हणजे पायलट प्रोफिशियन्सी चेक. त्यात नापास झालं तर पुन्हा प्रशिक्षण घेऊन उत्तीर्ण होईपर्यंत विमानात बसायचं नाही, मग खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या असोत की को-पायलटच्या तीन.

सिम्युलेटर हा शब्द ऐकून आपल्याला मुलांचा व्हिडिओ गेम आठवतो. प्रत्यक्षात ती एक खोली असते. आत हुबेहूब कॉकपिट, आणि ही अख्खी खोली सहा पायांवर उभी असते. ते पाय लांब-आखूड होत खोलीला डोलवतात, हादरवतात, कलवतात. यातली एक युक्ती मला फार आवडते. विमान धावपट्टीवर वेग घेतं तेव्हा आपण पाठीला सीटमध्ये दाबले जातो. खोलीला तर धावायला जागा नाही. मग ती हळूच मागे कलते. समोरच्या पडद्यावर धावपट्टी सपाट दिसत असते, त्यामुळे पाठीवर पडलेलं शरीराचं वजन कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वेग वाढल्यासारखंच वाटतं. डोळे आणि कान दोघेही फसतात आणि तळहाताला खराखुरा घाम येतो.

याची सुरुवात झाली ती वाद्यांच्या कारखान्यातून. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते असतात, आपल्या पेटीला असतो तसेच. लिंकने १९२९ मध्ये त्या भात्यांवर एक छोटं लाकडी विमान बसवलं, जे जमिनीवरच डोलायचं, कलायचं. सुरुवातीला जत्रेतल्या खेळण्यासारखंच लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम आलं, आणि हिवाळ्यातल्या धुक्यात, अंधारात, केवळ यंत्रांकडे बघून उडवायचा सराव नसल्याने काही आठवड्यांत अनेक जण मेले. त्यानंतर सैन्याने लिंकची यंत्रं विकत घेतली.

भाचीला सिमसाठी, म्हणजे सिम्युलेटरसाठी, गुरुग्रामला जावं लागतं. चार तासांची पाळी असते, दोघे वैमानिक, पाठीमागे प्रशिक्षक. ही यंत्रं इतकी महाग असतात की ती रात्रंदिवस चालवली जातात, त्यामुळे पाळी पहाटे दोनचीही येते. सगळ्यात जास्त घाम काढणारा प्रकार म्हणजे व्ही वनला इंजिन जाणं. टेकऑफच्या धावेत एक वेग आधीच हिशेब करून ठरवलेला असतो, त्याला व्ही वन म्हणतात. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं. तो ओलांडला की थांबायला धावपट्टी पुरणार नाही, उडायचंच. 'व्ही वन' ऐकू आलं की कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. आता थांबायचा मोह हातालाही होऊ नये, म्हणून. आणि प्रशिक्षक नेमका त्याच्या पुढच्या सेकंदाला मागून एक इंजिन बंद करतो. विमान बंद इंजिनाच्या बाजूला खेचलं जातं, वेग तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. विरुद्ध बाजूचा पाय रडरवर, म्हणजे शेपटीवरची उभी फळी वळवणाऱ्या पेडलवर, दाबून नाक सरळ ठेवायचं, घाईने वर ओढायचं नाही, ठरल्या वेगाला हळू उचलायचं. कमी दाबलं तर विमान वाकडं, जास्त दाबलं तर दुसरीकडे वाकडं. किती दाबायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहून ठेवता येत नाही, ते मांडीच्या स्नायूलाच माहीत असतं. भाची सांगते, पाळी संपल्यावर जिना उतरताना पाय लटपटतो.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की अनुभव वेगळा आणि हात ताजा असणं वेगळं. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून सुटलेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी घुसले आणि ते हडसन नदीत उतरवावं लागलं, ही गोष्ट अनेकांना माहीत आहे. त्यातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. विमान तेव्हा को-पायलट जेफ्री स्काइल्स उडवत होते. त्यांच्या गाठीला पंधरा हजार तासांहून जास्त उड्डाण होतं, पण ए३२० वर मात्र जेमतेम ३७ तास, कारण त्या विमानाचं प्रशिक्षण त्यांनी नुकतंच पूर्ण केलं होतं. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं, कारण त्या विमानाचा अनुभव त्यांचा जास्त. आणि चेकलिस्ट स्काइल्स यांच्याकडे राहिली, कारण नुकतंच शिकल्यामुळे कुठलं पान कुठे आहे हे त्यांच्या डोक्यात ताजं होतं. जुना हात आणि ताजं डोकं, दोन्ही शेजारी शेजारी बसलेले. पक्षी आदळल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत साधारण साडेतीन मिनिटं. १५५ जण वाचले. जवळपास २८०० फुटांवर दोन्ही इंजिनं जाण्याचा सराव त्या दोघांनी कधी केलेलाच नव्हता, ती चेकलिस्टही खूप उंचीवर इंजिनं गेली तर वापरायची म्हणून लिहिलेली होती. तरी कोण उडवणार, कोण वाचणार, आधी काय आणि नंतर काय, ही कामाची वाटणी त्यांना क्षणात जमली. वर्षानुवर्षांच्या सिममधून अंगात मुरलेली गोष्ट ही.

आता त्या "स्टॉल"कडे येते, कारण तो शब्द माझ्याच तोंडून दर सहा महिन्यांनी बाहेर पडतो आणि त्यामागचं सगळं मी भाचीकडून खोदून खोदून विचारून घेतलंय. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख हवेला एका मर्यादेत तिरपा असतो तोवर हवा त्याच्यावरून चिकटून वाहते आणि त्याला उचलून धरते. तिरपेपणा फार वाढला, बहुतेक पंखांच्या बाबतीत पंधरा-सोळा अंशांपलीकडे, की हवा पंखाला सोडून भरकटते. पंख तिथेच आहे, इंजिन पूर्ण जोरात आहे, पण उचलणारं काही उरत नाही. यातून सुटायची वाट एकच, नाक खाली. म्हणजे पडत असताना आणखी खाली तोंड करायचं! माणसाचं सगळं अंग त्याच्या विरुद्ध ओरडत असतं. भाचीच्या चार ओळींतली पहिली ओळ हीच आहे. मग पंख समतल, मग इंजिनाची ताकद बेताने, मग स्पीडब्रेक, म्हणजे पंखांवरच्या वेग कमी करणाऱ्या फळ्या, आत आहेत ना ते बघ.

पण माझ्या हातातल्या कागदावर दुसरंही एक नाव आहे. जमीन जवळ आल्याचा इशारा. विमान "पुल अप" म्हणून ओरडतं आणि तेव्हा नेमकं उलटं करायचं असतं, स्टिक पूर्ण मागे ओढायची आणि इंजिनं पूर्ण ताकदीला. एका इशाऱ्याला नाक खाली, दुसऱ्याला नाक वर. दोन्ही वेळी छातीत धडधड सारखीच. चुकीचं उत्तर दिलं तर दोन्हीकडे मरण. म्हणून ती मला क्रम सोडून विचारायला सांगते, आणि मीही मुद्दाम भाजी चिरताना, टीव्ही चालू असताना मध्येच विचारते.

१ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ विमान रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिक महासागरात कोसळलं आणि २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने थोडा वेळ तुंबल्या, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलटने सूत्रं सोडली. विमान धडधाकट होतं. उडवणाऱ्या वैमानिकाने नाक वर ओढलं आणि बहुतेक वेळ ओढूनच धरलं. ए३२० असो की एअर फ्रान्सचं ते ए३३०, स्टॉलचा इशारा म्हणजे रातकिड्यासारखी किरकिर आणि "स्टॉल, स्टॉल" असा आवाज. तो सलग ५४ सेकंद वाजला. पुढे तर वेगाचा आकडा इतका घसरला की यंत्राला तो खरा वाटेना आणि इशारा बंद झाला. नाक थोडं खाली केलं की आकडा खरा वाटू लागे आणि इशारा पुन्हा वाजे. म्हणजे बरोबर केलं की ओरडा, चुकीचं केलं की शांतता. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रापर्यंत साडेचार मिनिटंही लागली नाहीत. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने नोंदवलं की खूप उंचीवर विमान हाताने उडवण्याचं आणि तिथे वेगाचे आकडे बिघडले तर काय करायचं याचं प्रशिक्षण त्या वैमानिकांना मिळालेलं नव्हतं. त्या अपघातानंतर जगभर स्टॉलचा सराव बदलला. आधी भर असायचा तो उंची न गमावता बाहेर पडण्यावर. आता शिकवतात, आधी नाक खाली, उंची गेली तर जाऊ दे.

बिघडल्यावर सुटायचा सरावच जास्त लागतो, हे ठाण्यातल्या माणसाला लवकर पटेल. गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. टेंभी नाक्याची हंडी बघायला आपण जातो ती थर लागताना. पण सरावाच्या रात्री मैदानात उभं राहून बघा, निम्मा वेळ थर उतरवण्यात जातो. कुणी आधी सुटायचं, कुणी धरून ठेवायचं, खांदा डगमगला तर वरच्याने काय करायचं. वर चढणं तर पोरांना मागच्या वर्षीपासून येत असतं.

सिममध्ये हातांइतकीच तोंडाचीही परीक्षा होते, आणि आपल्या देशात मला ही बाजू जास्त मोलाची वाटते. ज्येष्ठ माणसाला टोकायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मी नर्स म्हणून डॉक्टरांसमोर कित्येकदा गप्प बसले आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोळीकोडला पावसात उतरताना एक विमान धावपट्टीच्या टोकावरून खाली गेलं, दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. तपास अहवाल सांगतो की उतरणं स्थिर नव्हतं, चाकं टेकली तेव्हा जवळपास अर्धी धावपट्टी मागे पडली होती, आणि को-पायलटने "गो अराउंड" असं म्हटलेलंही होतं. गो अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. आता प्रशिक्षक कॅप्टनला गुपचूप सांगून ठेवतात की मुद्दाम चूक कर, आणि शेजारचा कधी बोलतो, किती स्पष्ट बोलतो, ऐकलं नाही तर सूत्रं हातात घेतो का, ते बघतात. भाची को-पायलट असताना तिच्या शेऱ्यात एकदा लिहून आलं होतं, "बरोबर ओळखलं, पण उशिरा बोलली." तो शेरा तिला नापास होण्याइतका लागला होता.

सराव आहे म्हणून सगळं आलबेल, असंही नाही. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या बोइंग ७७७ ची चाकं टेकली आणि वैमानिकांनी गो अराउंड ठरवला. नेहमीचं बटण दाबलं. पण त्या विमानात चाकं जमिनीला टेकली की ते बटण काम करत नाही, इंजिनांची ताकद हाताने वाढवावी लागते. इंजिनं मंदच राहिली, विमान थोडं उचललं आणि पुन्हा धावपट्टीवर बसलं, पेटलं. आतले सगळे ३०० जण बाहेर पडले, आग विझवताना एक जवान गेला. सिममधले गो अराउंड बहुधा हवेतच होत, जिथे ते बटण नेहमी चालतं. तेच तेच ठरलेले प्रसंग घोकले की माणूस त्या प्रसंगांपुरताच हुशार होतो. म्हणून आता काय होणार हे आधी न सांगता, खऱ्या उड्डाणांच्या नोंदींवरून प्रसंग बांधायची पद्धत येतेय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्ये त्याची पुस्तिकाच काढली.

रोजच्या उड्डाणात बहुतेक वेळ ऑटोपायलट असतो, आणि तो असावाच. पण त्याने हाताचं काम काही मिनिटांवर आणलंय. म्हणून हवा चांगली, गर्दी कमी, वैमानिक ताजातवाना असेल तेव्हा थोडं विमान हाताने उडवावं, असं अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१३ मध्ये कंपन्यांना सुचवलं. कपाटावरचं चित्र मात्र २०२० चं आहे. २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं बंद होती आणि भाची घरी बसली होती. तिसऱ्या आठवड्यात ती घाबरून म्हणाली, "मावशी, मला इंजिन सुरू करायचा क्रम आठवायला थांबावं लागलं." चित्र त्याच संध्याकाळी लागलं.

यंदा तिच्या तयारीत नवी मुंबईही आहे. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग, कर्नाळ्याचा सुळका, पलीकडे मुंबईची विमानं, आणि जूनपासून आपला पाऊस. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद होती. पाणी साचलेल्या धावपट्टीवर वेगातलं चाक पाण्याच्या थरावर तरंगू शकतं, मग ब्रेक लागतच नाही. त्यामुळे पावसाळ्याच्या प्रशिक्षणात लँडिंगपेक्षा जास्त घोकून घेतात ते लँडिंग सोडून देणं.

मागच्या आठवड्यात पहाटे सव्वासहाला तिचा गुरुग्रामहून फोन आला. पास झाली होती. मी विचारलं, काय काय झालं? म्हणाली, इंजिनाला आग, मग मुसळधार पावसात गो अराउंड, तोही दोनदा. दुसऱ्यांदा का? "पहिल्यांदा चाकं आत घ्यायला सांगायला मी दोन सेकंद उशीर केला. सरांनी विमान परत मागे नेऊन ठेवलं, म्हणाले पुन्हा."

संध्याकाळी घरी आली, बॅग दारातच ठेवली आणि चपला न काढता कपाटासमोर उभी राहिली. मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. उजवा हात थ्रॉटलच्या चित्रावर गेला, तिथून सरकला, आणि ओठ हलले. "पॉझिटिव्ह क्लाइंब. गिअर अप." मग हात परत थ्रॉटलवर, आणि पुन्हा तेच.